डेमलो संख्या आणि देवळालीचे गणितशिक्षक

एकं, दशं, शतं, सहस्र अशी गणना करीत गेल्यास अठरावें स्थान परार्धाचें येतें. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'मध्यें संख्यास्थानांचीं नांवें येथवरच दिलीं आहेत. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या परार्धाच्या एकच स्थान अलीकडे थांबते. तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानीं बसतो. एकापासून नवापर्यंत चढून पुनः एकावर उतरणारी ही संख्या विलक्षण दिसली, तरी तिचें मूळ साधें आहे. नऊ वेळां एक लिहून झालेल्या संख्येचा तो वर्ग होय.

पाटीवर ११ चा वर्ग केला तर १२१ येतो, १११ चा १२३२१. गुणाकारांत एकांची प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते, आणि मधल्या उभ्या रांगेंत सर्वांत अधिक एक जमतात. नऊ एकांपर्यंत हातचा घ्यावा लागत नाहीं. दहा एक घेतांच मधल्या रांगेंत दहा जमतात, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी आकृति मोडलेली संख्या हातीं लागते.

या संख्यांना 'डेमलो' हें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं दिलें. मुंबईपासून सुमारें ३० मैलांवरील डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचेंच नांव संख्येस मिळालें. १९०५ मध्यें डहाणू येथें जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथें शाळेंत शिकवीत होते.

आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाणारी संख्या म्हणजे 'हर्षद', आनंद देणारी, ही संज्ञाही त्यांचीच. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ नें ती संख्या निःशेष भागली जाते. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग, ज्याच्या मुळांत आठ तेवढा गळाला आहे! म्हणजे ही डेमलो संख्या हर्षदही ठरते.

१९४९ मध्यें त्यांनीं ६१७४ चा शोध जाहीर केला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आणि येणाऱ्या बाकीवर तीच कृति पुनः करावी. सातांच्या आंत किंवा सातव्या वेळीं ६१७४ च येतात.

त्यांच्या हयातींत अनेक विद्वानांनीं हे शोध केवळ अंकांची करमणूक म्हणून बाजूस सारले. १९७५ च्या मार्चमध्यें 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांचा परिचय करून दिला, तेव्हां जगाचें लक्ष देवळालीकडे वळलें. १९८६ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या शोधांस प्रयोगशाळा लागली नाहीं, मोठें ग्रंथालय लागलें नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतला मुलगाही पाटी-पेन्सिल घेऊन ते पडताळूं शकतो, आणि पडतांळतां पडतांळतां नवा प्रश्न विचारूं शकतो. शिक्षकानें मागें ठेवावयाचें धन याहून मोठें कोणतें?