एका परिचारिकेमागें किती रुग्ण?

रुग्णालयांचा इतिहास लिहिणारे बहुधा इमारतींचा, देणगीदारांचा व नामांकित वैद्यांचा इतिहास लिहितात. रात्रीं तीन वाजतां त्या इमारतींत किती रुग्णांमागें किती माणसें जागीं होतीं, हा प्रश्न त्यांस क्वचितच सुचतो. वस्तुतः रुग्णाचें जगणें-मरणें पुष्कळ अंशीं याच आंकड्यावर अवलंबून असतें. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांतील मुली या व्यवसायांत असल्यामुळें हा विषय येथें अस्थानीं होणार नाहीं.

जुन्या काळीं हा हिशोब कोणी मांडीतच नसे. पॅरिस येथील ओतेल-द्यू या पुरातन इस्पितळाचा जो वृत्तांत शल्यवैद्य तनों यांनीं १७८८ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत एकेका खाटेवर चार-चार, सहा-सहा रुग्ण निजविल्याचें नमूद आहे. तेथील शुश्रूषा ऑगस्टिनियन धर्मभगिनी करीत. जेथें खाट आणि रुग्ण यांचेंच प्रमाण धड नव्हतें, तेथें भगिनी आणि रुग्ण यांचें प्रमाण कोण विचारणार? व्रतस्थ स्त्रीचे श्रम विनामूल्य, म्हणून ते अमर्यादही, अशी जणूं समजूतच होती. पुढें ती पगारी परिचारिकांच्याही वांट्यास आली.

क्रिमियाच्या युद्धांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं तुर्कस्तानांतील स्कुटारी येथें उतरल्या, तेव्हां त्यांजबरोबर ३८ शुश्रूषिका होत्या. त्यांपैकीं १० कॅथलिक धर्मभगिनी. पांच लंडनमधील बर्मंडसीच्या मठांतून आलेल्या व पांच नॉरवुडहून. दहा दिवसांनीं लिहिलेल्या पत्रांत नाइटिंगेलबाईंनीं बराकीच्या इस्पितळांत १,७१५ आणि दुसऱ्या इस्पितळांत ६५० रुग्ण असल्याचें कळविलें. सरळ भागाकार केला तर एकीमागें ६२ रुग्ण पडतात. आणि हा भागाकारही फसवा, कारण कोणीही स्त्री चोवीस तास जागी राहूं शकत नाहीं. हातांत दिवा घेऊन फिरणाऱ्या त्या बाईंचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्या एका दिव्याच्या वांट्यास किती खाटा होत्या, हें मात्र चित्रकार सांगत नाहीं.

तथापि येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १८५५ च्या फेब्रुवारींत तेथें शंभरांत सुमारें ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्यें आलेल्या आरोग्य-मंडळानें गटारें साफ केलीं, हवा खेळती केली आणि मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. त्याचें श्रेय परिचारिकांच्या संख्येस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. खुद्द नाइटिंगेलबाईंनीं हें ओळखलें, आणि १८५९ सालीं रुग्णालयांविषयीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनीं इमारतीच्या रचनेवरच भर दिला. सुमारें ३० खाटांचा लांबट कक्ष, दोहों बाजूंस समोरासमोर खिडक्या, आणि सर्व खाटा प्रमुख परिचारिकेच्या दृष्टिपथांत, अशी ती योजना होती. येथें प्रथमच कांहीं मर्यादा आली, परंतु ती नजरेची मर्यादा होती. नजरेंत मावणाऱ्या सर्व रुग्णांची शुश्रूषा दोन हातांनीं होतेच असें नाहीं.

दोन हातांचा हिशोब मांडावयास पुढें जवळ जवळ दीड शतक लागलें. लिंडा एकेन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांची माहिती तपासून २००२ सालीं निबंध प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर आणखी एक रुग्ण सोंपविला कीं तीस दिवसांच्या आंत मृत्यु येण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढलेला आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. यांत गूढ असें कांहीं नाहीं. शस्त्रक्रियेनंतर आंतून रक्तस्राव सुरू झाला, तर आधीं नाडी जलद होते, रुग्ण अस्वस्थ होतो, अंग गार पडूं लागतें. हीं चिन्हें वेळेवर ओळखण्यास कोणीतरी खाटेपाशीं असावें लागतें, आणि ती बाई त्या वेळीं आठव्या रुग्णाचें औषध मोजीत असेल तर ती तेथें नसते!

कायद्यानें मात्र निबंधाची वाट पाहिली नव्हती. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत २००० सालींच औद्योगिक लवादाच्या निवाड्यानें २० रुग्णांमागें ५ परिचारिका ठरल्या. कॅलिफोर्नियांत १९९९ सालीं कायदा झाला व २००४ पासून अमलांत आला. सामान्य कक्षांत एकीमागें प्रथम ६ व पुढें ५ रुग्ण, अतिदक्षता कक्षांत २. खर्च झेंपणार नाहीं अशी ओरड तेथील रुग्णालयचालकांनीं केली, ती अपेक्षितच होती. त्या नियमांतील खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे हें प्रमाण सर्वकाळ पाळावयाचें आहे. परिचारिका जेवावयास गेली, तर तिचे रुग्ण शेजारणीच्या गळ्यांत घालून प्रमाण मोडतां येत नाहीं.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक वैद्यकीय शिक्षणाच्या रुग्णालयांत ३ खाटांमागें एक व इतरत्र ५ खाटांमागें एक परिचारिका, शिवाय रजेकरितां ३० टक्के अधिक, असा सांगितला जातो. ऐकावयास तो कॅलिफोर्नियाच्या तोडीचा वाटतो. पण समजा, ३० खाटांचा कक्ष आहे. पांचास एक या हिशोबानें ६ परिचारिका. ही संख्या एकंदर पटाची धरली तर तीन पाळ्यांत दोन-दोन वांटल्या जातात आणि प्रत्येकीकडे १५ रुग्ण येतात. तीच संख्या पाळीची धरली तर १८ परिचारिका लागतात. रात्रपाळीच्या पत्रकावरील नांवें मोजलीं म्हणजे यांपैकीं कोणता अर्थ तेथें चालतो, तें कळतें.