टेलिफोन हातोहात आला त्याची हकीकत

दिनांक ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातला हा पहिला मोबाईल कॉल. ही सेवा आणली होती एका देशी उद्योगसमूहाने ऑस्ट्रेलियन कंपनीच्या भागीदारीत, आणि तिचा नारळ फोडला तो एका कम्युनिस्ट मुख्यमंत्र्याने! इतिहासात अशा गमती पुष्कळ सापडतात.

तुम्ही म्हणाल, इतकी अलीकडची गोष्ट, तिचा कसला आला आहे इतिहास? पण जरा मागे वळून पाहू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची एक्स्चेंजे निघाली १८८२ साली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, स्वराज्य आले, पंचवार्षिक योजना झाल्या. तरी १९९१ साली ८५ कोटींच्या घरातल्या या देशात टेलिफोन होते अवघे ५० लाखांच्या आसपास. अर्ज करावा, अनामत भरावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहत बसावे. एकदाचा फोन आलाच, तर तो दिवाणखान्यात विणलेल्या रुमालाखाली विराजमान होई, आणि कित्येक घरी त्याच्या तबकडीला चक्क कुलूप असे. शेजारीपाजारी आपल्या नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवीत. ‘पी. पी. नंबर’ म्हणत त्याला. निरोप आला की चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका सुरू! पुढे पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथे आली आणि पुष्कळ सोय झाली. पण बूथ झाले तरी ते नाक्यावरच. माणसाने फोनकडे जावयाचे, हा क्रम काही बदलला नाही.

तो मोबाईलने बदलला, पण लगेच नव्हे. सुरुवातीस मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडे, आणि आलेला फोन नुसता उचलला तरी उचलणाऱ्याला भुर्दंड. सबब पहिली काही वर्षे हे यंत्र कारखानदार, बिल्डर आणि पुढारी यांच्याच हाती दिसे. कंपन्यांनी परवान्यांसाठी लिलावात भरमसाट बोली लावल्या होत्या. त्या रकमा भरता भरता त्यांच्या नाकी नऊ आले. १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याचे ठरले, आणि २००३ साली येणारा कॉल फुकट झाला. माझ्या मते १९९५ पेक्षा हे २००३ सालच अधिक महत्त्वाचे. कारण आता फोन बाळगणे आणि फोन करणे या दोन गोष्टी निराळ्या झाल्या. करण्याची ऐपत नसलेल्यालाही तो बाळगता येऊ लागला. २००४ साल संपण्यापूर्वीच मोबाईलधारकांची संख्या तारेच्या फोनवाल्यांपेक्षा जास्त झाली.

येथे गरिबांच्या एका शोधाची नोंद केलीच पाहिजे. तो शोध म्हणजे मिस्ड कॉल! घंटी वाजवावी आणि समोरच्याने उचलण्यापूर्वी बंद करावी; पैसा खर्च न होता निरोप पोहोचतो. एक घंटी म्हणजे ‘सुखरूप पोहोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, तीन म्हणजे ‘तूच फोन कर, माझ्याकडे बॅलन्स नाही’. अशा सांकेतिक लिप्या घरोघरी निराळ्या. नवरा रिक्षावर, बायको धुण्याभांड्याला, मुलगा शाळेत, आणि सगळा संसार या फुकटच्या घंट्यांवर चाललेला! दहा रुपयांचे रिचार्ज पानाच्या टपरीवर मिळू लागले. मीठमिरची पुडीने आणावी तसे बोलणेही पुडीने विकत घेता येऊ लागले. कंपन्यांच्या जाहिरातींना प्रसाराचे श्रेय देणारे लोक आहेत. मला तरी ते श्रेय त्या पुडीला द्यावेसे वाटते.

याचा रोकड लाभ काय झाला, हे पाहायचे तर उत्तर केरळच्या किनाऱ्यावर जाऊ. तेथे १९९७ ते २००१ या काळात मोबाईलचे मनोरे टप्प्याटप्प्याने उभे राहिले. पूर्वी कोळ्याने तारली पकडायची आणि आपल्याच नेहमीच्या किनाऱ्यावर उतरवायची. तेथे गिऱ्हाईक नसले की मासळी फेकून द्यावयाची, आणि तिकडे काही कोसांवरच्या बाजारात मासळीवाचून लोक रिकाम्या हाती परत चाललेले! फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले ते असे: कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली, आणि फेकून देणे जवळपास थांबलेच.

२००१ च्या जनगणनेत टेलिफोन असलेली घरे होती ९.१ टक्के, २०११ साली ती ६३.२ टक्के झाली. त्याच गणनेत घराच्या आवारात शौचालय असलेली कुटुंबे मात्र ४६.९ टक्केच निघाली. त्यावरून पुष्कळांनी गरिबांची टवाळी केली, की यांना संडास नको, मोबाईल हवा. ही टवाळी मला पटत नाही. शौचालयाला जागा लागते, पाणी लागते, आणि सगळा पैसा एकदम लागतो. झोपडपट्टीत राहणाऱ्याने जागा कोठून आणावी?

परंतु घरात फोन आला म्हणजे घरातल्या सर्वांच्या हातात आला असे समजू नका. २०१६ साली गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने अविवाहित मुलींना मोबाईल वापरण्याची बंदी घातली आणि मोडणारीस २१०० रुपये दंड ठेवला. नेमके त्याच साली स्वस्त इंटरनेटची लाट आली होती! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल जवळ असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच आढळल्या. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक. बाकीच्या नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर मुलाच्या फोनवर अवलंबून.

२०२० साली टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा या आकड्यांना माझ्या हजेरीपटावर चेहरे आले. सकाळच्या तासाला मुले असत. मुलींपैकी काही जणींची उत्तरे रात्री अकरा-साडेअकराला येऊन पडत. भाऊ कामावरून परतल्यावर फोन हाती येई, मग सकाळचा धडा ऐकायचा आणि उत्तर लिहायचे. एकीने तर उत्तराच्या शेवटी लिहिले होते, ‘सर, या नंबरवर परत फोन करू नये, हा दादाचा आहे.’