भिंतीच्या तळाशी उमटलेली रेघ

शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा एका बैठकीत वाचून होते. जानेवारी १८९२मध्ये ती 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये छापून आली. आरंभीच्या अमेरिकी स्त्रीवादी साहित्याकडे वळणाऱ्या कोणालाही मी आधी हीच कथा हातात देते आणि त्यातली भिंतीवरची रेघ नीट बघायला सांगते.

बाळंतपणानंतर खचलेल्या एका बाईला तिच्या डॉक्टर नवऱ्याने विश्रांतीसाठी भाड्याच्या एका जुन्या वाड्यात आणून ठेवले आहे. माडीवरची खोली पूर्वी मुलांची असावी, असे तिला वाटते. खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे. लिहायला बंदी आहे, म्हणून ती चोरून लिहिते आणि नवऱ्याची चाहूल लागली की वही लपवते. भिंतीवरचा पिवळा कागद बघता बघता त्याच्या नक्षीआड एक बाई रांगत असलेली तिला दिसू लागते. मग एकदा तिच्या ध्यानात येते की भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत, खोलीभर एक रेघ फिरली आहे, कोणीतरी पुन्हा पुन्हा अंग घासत गेल्यासारखी. कथेच्या शेवटी ती स्वतः भिंतीच्या कडेने रांगते आहे आणि तिचा खांदा त्या रेघेत अचूक बसतो. ती रेघ तिच्याआधी कोणी पाडली की तिची तिनेच, हे गिलमन सांगत नाहीत. माझ्या मते सगळी कथा या न सांगण्यात आहे.

कथेमागचा अनुभव स्वतः लेखिकेचा होता. १८८७ साली, मुलीच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, त्या फिलाडेल्फियाचे नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांच्याकडे गेल्या. मिचेल यांचा 'विश्रांती-उपचार' प्रसिद्ध होता: अंथरुणावर पडून राहायचे, भरपूर दूध आणि पौष्टिक अन्न घ्यायचे, अंग रगडून घ्यायचे, डोक्याला कसला ताण द्यायचा नाही. महिन्याभराने घरी पाठवताना त्यांनी बजावले, की घरसंसारात राहा, वाचन-चिंतन दिवसाला फार तर दोन तास, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मात हात लावू नका. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या, लिहिण्यावर जीव असलेल्या बाईला हा सल्ला होता. तो पाळता पाळता वेड लागायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो झुगारून दिला आणि पुन्हा काम हाती घेतले. कथा छापून आल्यावर तिची प्रत मिचेल यांना धाडली. त्यांनी पोचही दिली नाही, असे गिलमन यांनी १९१३मध्ये लिहून ठेवले आहे.

मराठी वाचकाला हे फिलाडेल्फिया अनोळखी नाही. त्याच शहरात, ११ मार्च १८८६ रोजी, विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' तिथेच प्रसिद्ध झाले, कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह. १८८८ साली आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र लिहिले ते कॅरोलाइन हीली डॉल यांनी. स्त्रियांचे शिक्षण, मजुरी आणि कायदा यांवर १८६७मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या त्याच या बाई. रमाबाईंनी परत आल्यावर 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९मध्ये मराठीत लिहिले. एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने, एका कॉलेजातून बाई डॉक्टर होऊन बाहेर पडत होती आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या बाईची लेखणी काढून घेतली जात होती. हा काळ समजून घ्यायचा तर दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात.

आपल्याकडे कथा-कादंबऱ्या एका कपाटात आणि समाजशास्त्र दुसऱ्या कपाटात ठेवायची सवय आहे. या लेखिकांच्या बाबतीत ती मोडावी लागते. गिलमन यांचा 'विमेन अँड इकनॉमिक्स' हा ग्रंथ १८९८चा. त्यातला एक मुद्दा साधा आणि बिनतोड आहे. बायको घरात राबते म्हणून नवरा तिला पोसतो, असे म्हणतात. तसे असते तर सगळ्यात जास्त राबणारीच्या हाती सगळ्यात जास्त पैसा असता. प्रत्यक्षात गरिबाघरची बाई मरमर मरते आणि तिच्याकडे काही नसते. श्रीमंताची बायको काडी हलवत नाही आणि तिच्याकडे सगळे असते. म्हणजे तिला मिळते ते कामाचे मोल नव्हे, नवऱ्याच्या ऐपतीचा वाटा. यावर तोडगा म्हणून त्यांनी स्वयंपाक आणि बालसंगोपन ही कामे पगारी, प्रशिक्षित माणसांकडे सोपवायला सुचवले. स्वयंपाकघर नसलेली घरे कल्पिली. हा ग्रंथ वाचून पुन्हा कथेकडे या. त्या खोलीचे गज कशाचे आहेत ते कळते.

कथा आणि समाजविचार यांची ही जोडी गिलमन यांच्या आधीपासूनची आहे. ज्युडिथ सार्जंट मरे यांचा समानतेवरचा निबंध १७९०चा, मार्गारेट फुलर यांचे स्त्रीच्या स्थितीवरचे पुस्तक १८४५चे, सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद १८४८ची. फॅनी फर्न यांच्या 'रूथ हॉल' या कादंबरीत दोन मुलींना घेऊन उघड्यावर पडलेली विधवा वर्तमानपत्रांत लिहून पोट भरते, आणि तिच्या यशाची खूण म्हणून लग्न येत नाही. तिच्या नावाचा बँकेच्या शंभर शेअरांचा दाखला येतो, तोही कादंबरीच्या पानावर जसाच्या तसा छापलेला!

आता एक कटू गोष्ट. १९०८ साली गिलमन यांनी एका समाजशास्त्रीय नियतकालिकात कृष्णवर्णीयांना सक्तीच्या श्रमदलांत भरती करण्याची सूचना मांडली. वंशश्रेष्ठतेचा हा विचार त्यांच्या लेखनात इतरत्रही आहे. पुरुष नसलेल्या देशाची कहाणी सांगणारी 'हरलँड' (१९१५) वाचतानाही तो टोचतो. त्यावर पांघरूण घालू नये आणि त्यासाठी कथा टाकूनही देऊ नये. 'द यलो वॉलपेपर' छापून आली त्याच १८९२मध्ये आणखी दोन पुस्तके निघाली. फ्रान्सिस हार्पर यांच्या 'आयोला लरॉय'ची नायिका गोरी म्हणून सहज खपली असती, पण ती ते नाकारते. नोकरी धरते आणि वंश कळताच ती गमावते, तरी प्रत्येक बाईला कमावता आले पाहिजे या मतावरून हलत नाही. ॲना ज्युलिया कूपर गुलामगिरीत जन्मल्या, पुढे शिक्षिका झाल्या. त्यांचा 'अ व्हॉइस फ्रॉम द साउथ' हा निबंधसंग्रह कृष्णवर्णीय स्त्रीचा प्रश्न तिच्याच तोंडून मांडतो. गिलमन यांना जे दिसले नाही, ते या दोघींनी पाहिले होते.

यातले बरेच लेखन अनेक दशके वाचकांच्या नजरेआड होते. 'द यलो वॉलपेपर' स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात पुन्हा आली १९७३मध्ये. 'हरलँड' पुस्तक म्हणून प्रथम निघाले १९७९मध्ये. तेव्हा उशीर झाला असे मानू नका. कथेपासून सुरुवात करा, आणि गिलमन यांच्याविषयी मत बनवण्याआधी हार्पर आणि कूपर जरूर वाचा.