एका गाडीतले दोघे

२००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी आली, तेव्हा आपण मार्गिकांच्या रुंदीवर भरपूर वाद घातला. गाडी चालविणाऱ्याचे तास मात्र कुणाला फारसे आठवले नाहीत. ते १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने मोजले होते: दिवसाला ८, आठवड्याला ४८. त्याहून मोलाची तरतूद अशी, की कामाचे दोनांहून अधिक तुकडे करायचे नाहीत आणि विश्रांती धरून सारे १२ तासांत आटोपायचे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीमधली रिकामी दुपार कोणाची, या प्रश्नाचे ते उत्तर होते. कामगार थेट नेमलेला की एजन्सीमार्फत आलेला, हा भेद त्या व्याख्येत नव्हता.

भेद होता तो नोकरीच्या शाश्वतीत. पीएमपीएमएलच्या भाड्याच्या गाडीत वाहक महामंडळाचा, चालक ठेकेदाराचा. ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ते मूळ मालकाने द्यावे, असे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगे. पण कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये 'सेल' खटल्यात दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे नव्या संहितेत विलीन झाले आहेत. दिवसाचे ८ तास तिच्या कलमात आहेत. १२ चा आकडा तेथे आम्हांस आढळत नाही. तो ठरविणे सरकारच्या अधिसूचनेवर सोपविले आहे.