फायनल फँटसी : सोळा भागांच्या मालिकेत सुरुवात कुठून करावी?

'फायनल फँटसी' या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला भाग १८ डिसेंबर १९८७ रोजी बाजारात आला आणि सोळावा जून २०२३ मध्ये. मधल्या काळात मुख्य भागांखेरीज उत्तरभाग, उपकथा, नव्याने घडवलेल्या आवृत्त्या आणि चित्रपट यांची भर पडत गेली. त्यामुळे या मालिकेकडे नव्याने वळणाऱ्यापुढची पहिली अडचण निवडीची असते. एका भागाची मुख्य कथा पुरी व्हायला साधारण ३० ते ५० तास लागतात. नोकरी-संसार सांभाळून रोज तासभर खेळणाऱ्यासाठी हा महिना-दीड महिन्याचा मामला आहे. पहिलाच भाग आपल्या स्वभावाशी न जुळणारा निघाला, तर सहसा संपूर्ण मालिकाच बाजूला पडते. म्हणून सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आकडा म्हणजे क्रम नव्हे

या मालिकेविषयी सर्वांत मोठा गैरसमज आकड्यांमुळे होतो. सोळावा भाग कळण्यासाठी आधीचे पंधरा खेळावे लागतील, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक मुख्य भागाचे जग, पात्रे आणि कथा स्वतंत्र आहेत. पाचव्या भागातील घटना चौथ्यातून निघत नाहीत आणि दहाव्याचा नायक नवव्यात कुठेही नसतो. दिवाळी अंकाचे उदाहरण येथे चपखल बसते. यंदाचा अंक वाचण्यासाठी गेल्या वर्षीचा चाळावा लागत नाही. मात्र नाव, मांडणीची धाटणी आणि काही ओळखीची सदरे दरवर्षी भेटतात.

या मालिकेतील 'ओळखीची सदरे' म्हणजे वाहनासारखा वापरला जाणारा चोकोबो हा मोठा पक्षी, मूगल हे गुबगुबीत प्राणी, जादूचे स्फटिक, हवेत उडणारी जहाजे आणि 'सिड' नावाचे एखादे पात्र. चोकोबो आणि सिड दुसऱ्या भागापासून, तर मूगल तिसऱ्यापासून येतात. नाव एकच असले तरी प्रत्येक भागातला सिड निराळा माणूस असतो.

लढाईत मदतीला बोलावल्या जाणाऱ्या दिव्य शक्तींच्या बाबतीतही हेच घडते. त्यांची नावे जगभरच्या पुराणकथांतून घेतली आहेत आणि त्यांत भारतीय नावेही आढळतात. तिसऱ्या भागापासून दिसणारी 'शिवा' ही बर्फाची अधिष्ठात्री स्त्री आहे. चौथ्या भागात 'असुरा' ही त्रिमुखी राणी भेटते. चौदाव्यात गरुड, रावण आणि लक्ष्मी या नावांच्या शक्ती आहेत. नावापलीकडे आपल्या पुराणांशी त्यांचा संबंध फारच थोडा, त्यामुळे त्या नावांवरून कथेचा अंदाज बांधू नये. तीच शक्ती दुसऱ्या भागात आली तर तिची कहाणीही बदललेली असते.

जुन्या आकड्यांचा घोळ

मालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची आणि त्यांची कंपनी स्क्वेअर यांनी सुरुवातीचे भाग निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी केले. जपानबाहेर मात्र सर्व भाग वेळेवर गेले नाहीत. अमेरिकेत दुसरा आणि तिसरा भाग गाळून चौथा भाग १९९१ मध्ये 'दुसरा' म्हणून विकला गेला. पाचवाही गाळला गेला आणि सहावा १९९४ मध्ये 'तिसरा' म्हणून आला. १९९७ मध्ये सातवा भाग आपल्या खऱ्या आकड्यासह प्रसिद्ध झाला तेव्हा हा घोळ थांबला. आज विकत मिळणाऱ्या सर्व आवृत्त्यांवर मूळ जपानी आकडेच असतात, पण जुन्या लिखाणात 'तिसऱ्या'ची स्तुती वाचून खरोखरचा तिसरा भाग घेणारे फसतात.

आणखी एक खाचखळगा रोमन आकड्यांचा. 'एक्स' म्हणजे दहावा भाग. 'एक्स-२' म्हणजे बारावा नव्हे, तर दहाव्याचा उत्तरभाग. तेराव्या भागालाही असेच दोन उत्तरभाग आहेत. क्रम पाळावा लागतो तो अशा उत्तरभागांपुरता.

लढाईच्या पद्धती

कथा स्वतंत्र असल्याने निवडीचा खरा निकष लढाईची पद्धत हा ठरतो. तिचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, पाळीपाळीने होणारी लढाई. पहिले तीन भाग आणि दहावा या गटात येतात. आपली पाळी आली की विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. बुद्धिबळ किंवा पत्ते आवडणाऱ्यांना ही पद्धत लगेच उमगते.

दुसरा, वेळेवर चालणारी पाळी. हिरोयुकी इतो यांनी आखलेली ही पद्धत चौथ्या भागात (१९९१) आली आणि नवव्यापर्यंत टिकली. प्रत्येक पात्राची एक पट्टी भरत जाते आणि ती भरली की हुकूम देता येतो; दरम्यान शत्रू थांबून राहत नाही. ऐकायला हे घाईचे वाटते, पण वेग कमी करण्याची सोय सहसा असते.

तिसरा, हातघाईची लढाई. पंधरावा (२०१६) आणि सोळावा भाग या प्रकारचे आहेत. बटणे योग्य क्षणी दाबणे, वार चुकवणे आणि सलग हल्ले करणे यांवर येथे भर असतो.

बारावा भाग (२००६) या तिन्हींच्या मध्ये पडतो. त्यात सोबत्यांना आधीच सूचना लिहून देता येतात, उदाहरणार्थ, 'सोबत्याची ताकद निम्म्याखाली गेली तर उपचार कर.' सूचना नीट रचल्या की लढाई जवळपास आपोआप चालते. ज्यांना हे रचण्यातच आनंद वाटतो आणि राजकीय डावपेचांची कथा आवडते, त्यांच्यासाठी हा भाग उत्तम आहे.

प्रवेशासाठी योग्य भाग

दहावा भाग (२००१) बहुतेक नवख्यांना सर्वाधिक सोयीचा आहे. संवाद आवाजात ऐकू येणारा हा मालिकेतील पहिला भाग. लढाई पाळीची असून पुढे कोणाची पाळी येणार याची यादी पडद्यावरच दिसते. 'सिन' नावाच्या महाकाय संकटाने ग्रासलेल्या स्पायरा या जगात यूना नावाची तरुणी यात्रेला निघते आणि टीडस हा परका तरुण तिच्या सोबत्यांत सामील होतो. नायकालाच या जगाची माहिती नसल्याने प्रत्येक चाल, रूढी आणि श्रद्धा त्याच्याबरोबर खेळणाऱ्यालाही समजत जाते. वाट बरीचशी सरळ असल्याने कुठे जायचे हा गोंधळ होत नाही. यात्रेच्या शेवटी यूनाला काय मोजावे लागणार, हे कळल्यानंतर आधीच्या हसऱ्या प्रसंगांचा अर्थ बदलतो आणि तेथे हा भाग मनात घर करतो.

सहावा भाग (१९९४) जुन्या पद्धतीच्या भागांत सर्वांत समृद्ध मानला जातो. यात १४ पात्रे खेळता येतात आणि कथा कोणा एका नायकाभोवती फिरत नाही. जादू नाहीशी होऊन हजार वर्षे लोटलेल्या जगात एक साम्राज्य तिला शस्त्र म्हणून परत आणू पाहते. चित्रे साधी, लहान ठिपक्यांची आहेत आणि संवाद वाचावे लागतात. ज्यांना कादंबरी वाचण्याची सवय आहे, त्यांना त्याचा त्रास होत नाही.

नववा भाग (२०००) जुन्या भागांना मानवंदना म्हणून रचला गेला. चोर झिडेन, राजकन्या गार्नेट आणि स्वतःच्या अस्तित्वाचे कोडे पडलेला लहानगा जादूगार विवी यांची ही कथा वरवर परीकथेसारखी वाटते. तिचा गाभा मात्र मृत्यूविषयीचा आहे. मूळ लढाई संथ आहे, पण नव्या आवृत्तीत वेग वाढवण्याची सोय असल्याने ती उणीव भरून निघते.

सोळावा भाग हा हातघाईची लढाई आवडणाऱ्यांसाठी आहे. क्लाइव्ह नावाच्या राजपुत्राची सूडाची आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याची ही कथा असून तीत हिंसा आणि प्रौढ प्रसंग भरपूर आहेत. युरोपात त्याला १८ वर्षांवरील वयाची श्रेणी दिलेली आहे. घरातील मुलांसाठी तो निवडू नये.

सातव्याचा पेच

मालिकेतील सर्वांत गाजलेला भाग सातवा. १९९७ मध्ये तो ३ सीडींवर आला, त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि जपानी रोल-प्लेइंग गेम जगभर पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ग्रहाची जीवनशक्ती उपसून वीज करणारी शिन्रा कंपनी आणि तिच्याविरुद्ध उभा राहिलेला क्लाउड ही त्याची मध्यवर्ती जोडी.

आज तो दोन रूपांत मिळतो. एक मूळ गेम आणि दुसरे तीन भागांत मांडायला घेतलेले नवे रूप. त्यातील 'रीमेक' २०२० मध्ये आणि 'रीबर्थ' २०२४ मध्ये आले. मूळ गेममध्ये मिडगार शहरातील कथानक काही तासांत आटोपते, तर 'रीमेक' संपूर्ण त्याच शहरात घडतो. देखणेपणा पाहून बहुतेक जण 'रीमेक'पासून सुरू करतात. येथेच पेच आहे. नवे रूप म्हणजे जुन्याची केवळ रंगरंगोटी नव्हे. मूळ कथा ठाऊक असलेल्यांच्या अपेक्षांशी ते जाणूनबुजून खेळते. मूळ न खेळताही ते समजते, पण त्यातील बदलांचे वजन जाणवत नाही. म्हणून ठोकळेबाज चित्रांचा अडसर वाटत नसेल तर मूळ आधी खेळावा. तो अडसर वाटत असेल तर 'रीमेक' जरूर घ्यावा, पण मूळ सातवा भाग पुरा झाला असे समजू नये.

आधी घेऊ नयेत असे भाग

दुसऱ्या भागात पात्रांची वाढ चमत्कारिक आहे : जे शस्त्र वापराल त्यात कौशल्य वाढते, मार खाल्ला की सहनशक्ती वाढते. इतिहास म्हणून तो रंजक असला तरी पहिला अनुभव म्हणून कंटाळवाणा ठरतो. आठव्या भागात (१९९९) शत्रूंकडून जादू काढून ती शरीरगुणांना जोडायची पद्धत आहे आणि ती उमगेपर्यंत बराच वेळ जातो. तेरावा भाग (२००९) दिसायला भव्य, पण त्याची वाट दीर्घकाळ अरुंद राहते आणि मोकळे मैदान फार उशिरा येते. पंधराव्याच्या कथेचे काही धागे त्याच वर्षीच्या 'किंग्जग्लेव' या चित्रपटात आणि 'ब्रदरहूड' या लघुमालिकेत विखुरले आहेत.

अकरावा आणि चौदावा हे ऑनलाइन भाग आहेत. चौदावा २०१० मध्ये सपशेल अपयशी ठरला. नाओकी योशिदा यांच्या नेतृत्वाखाली तो नव्याने रचून २०१३ मध्ये परत आणला गेला आणि आज तो लोकप्रिय आहे. त्याची कथा क्रमानेच खेळावी लागते आणि ती शेकडो तासांची आहे. तो अवश्य खेळावा, पण मालिकेची चव घेण्यासाठी नव्हे.

यंत्र, भाषा आणि खर्च

पहिल्या सहा भागांच्या 'पिक्सेल रीमास्टर' या नव्या आवृत्त्या मोबाइलवरही मिळतात. त्यासाठी महागडे यंत्र घ्यावे लागत नाही. सातवा आणि नववा भागही मोबाइलवर उपलब्ध आहेत. दहावा भाग त्याच्या उत्तरभागासह संगणक, प्लेस्टेशन, स्विच आणि एक्सबॉक्सवर मिळतो. सोळाव्यासाठी प्लेस्टेशन ५ किंवा तत्सम ताकदीचे यंत्र लागते.

मालिका मराठीत किंवा अन्य भारतीय भाषांत नाही. इंग्रजी वाचनाची तयारी ठेवावी लागते. जुन्या भागांतील इंग्रजी वाक्ये छोटी आणि सोपी असतात. सोळाव्यातील भाषा जुन्या वळणाची असल्याने थोडी जड जाते.

पैसे घालण्यापूर्वी चाचणीची संधी घ्यावी. सोळाव्याचा आरंभीचा अंश विनामूल्य खेळता येतो आणि पुढे गेम घेतल्यास तेथूनच सुरू करता येते. चौदाव्याचाही मोठा भाग विनामूल्य चाचणीत खुला आहे.

निर्णय कसा घ्यावा

घरी संगणक किंवा गेमचे यंत्र असेल आणि कोणतीही विशेष आवड ठरलेली नसेल, तर दहाव्या भागापासून सुरुवात करावी. केवळ मोबाइल असेल, तर सहाव्यापासून. हातघाई हवी असेल, तर सोळाव्याची चाचणी घेऊन ठरवावे. इतिहासक्रमाने जाण्याची हौस असणाऱ्यांनी पहिला, चौथा आणि सहावा हे तीन भाग याच ओळीने घ्यावेत. पहिला भाग पंधरा-वीस तासांत संपतो, त्यात चार अनामिक योद्ध्यांपलीकडे फारशी कथा नाही. पण चौथ्यात पात्रे आणि त्यांचे पश्चात्ताप कसे आले, सहाव्यात ते कसे बहरले, हे या क्रमात स्पष्ट दिसते.

निवडलेल्या भागाला किमान पाच-सहा तास द्यावेत, कारण या मालिकेतील बहुतेक भाग हळूहळू उलगडतात. तेवढ्यानंतरही लढाई ओझे वाटू लागली तर तो खुशाल सोडून दुसऱ्या पद्धतीचा भाग घ्यावा. भाग स्वतंत्र असल्यामुळे एखादा अर्धवट राहिला तरी पुढच्या कथेचा धागा तुटत नाही.