महाराष्ट्रातील शाश्वत सागरी मासेमारी

मत्स्यसाठ्याची नैसर्गिक वाढ भरून निघेल एवढीच मासळी पकडणे, तिच्या प्रजननकाळाला धक्का न लावणे आणि इतर सागरी जीवांची हानी टाळणे, यास शाश्वत मासेमारी म्हणतात. महाराष्ट्रात पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सात सागरी जिल्ह्यांत या दृष्टीने कायदे, संशोधन संस्था, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आणि स्वयंसेवी संघटना कार्यरत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ साली स्वीकारलेली जबाबदार मासेमारीची आचारसंहिता ही या विचाराची आंतरराष्ट्रीय चौकट होय.

पार्श्वभूमी

यांत्रिक नौका, ट्रॉल जाळी आणि पर्ससीन जाळी आल्यानंतर मासळी पकडण्याची क्षमता वाढली. परंतु समुद्राची उत्पादकता त्या प्रमाणात वाढली नाही. बारीक आसाच्या जाळ्यांत अपरिपक्व मासळी मोठ्या प्रमाणावर सापडते. असा मासा एकदाही अंडी न घालता मरत असल्याने त्याच्या वजनाबरोबर पुढील हंगामातील मासळीही बुडते. चंदेरी पापलेट हे याचे ठळक उदाहरण आहे. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे बंदर पापलेटसाठी प्रसिद्ध असून, पापलेटची आवक व आकार घटत असल्याची तक्रार तेथील मच्छीमारांनी सातत्याने मांडली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आला.

कायदे व नियमन

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा राज्याचा मूळ कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या, तसेच अशा प्रकरणांतील निर्णयाचे अधिकार महसूल विभागाकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे देण्यात आले. नियमनाची प्रमुख अंगे पुढीलप्रमाणे आहेत.

* पावसाळी बंदी : साधारणतः १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. अनेक प्रजातींचा प्रजननकाळ या सुमारास असतो. नारळी पौर्णिमेला सागरपूजन करून नौका पुन्हा समुद्रात लोटण्याची कोळी समाजाची परंपरा या विश्रांतीशी सुसंगत आहे.
* पर्ससीन मासेमारी : ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीतील पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरती मर्यादित करण्यात आली.
* प्रकाशझोतातील मासेमारी : एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षित करून पकडण्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली.
* किमान आकारमान : २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरविण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे.
* चौकोनी आस : ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत ४० मिलिमीटर चौकोनी आस वापरल्यास लहान मासे निसटू शकतात. जाळे ओढताना शंकरपाळ्याच्या आकाराची आस मिटते, चौकोनी आस मात्र उघडी राहते.

शासकीय व संशोधन संस्था

मुंबईतील वर्सोवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था मनुष्यबळ घडविते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र मासळीची आवक व साठा यांचा अभ्यास करते. किमान आकारमानाच्या शिफारशी याच संस्थेच्या आहेत. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे मुख्यालयही मुंबईत आहे. रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे.

राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कांदळवने ही अनेक माशांच्या, कोळंबीच्या व खेकड्यांच्या पिलांची आश्रयस्थाने असल्याने त्यांचे रक्षण हा मासेमारीचाही प्रश्न आहे. जाळ्यात अडकलेले कासव, देवमासा यांसारखे संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ पासून राबविली जाते. मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले आहे.

स्वयंसेवी संस्था व लोकसहभाग

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम ग्रामस्थांच्या सहभागाने उभे केले. तेथील कासव महोत्सवामुळे अंड्यांच्या रक्षणाला पर्यटनाच्या उत्पन्नाची जोड मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे 'प्रथमा' या मादी कासवाला उपग्रह टॅग लावण्यात आला. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेबाबतचा हा पहिलाच प्रयोग होता. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट शहराच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांची नोंद करतो व नागरिकांसाठी किनाराभ्रमंती आयोजित करतो.

ग्राहकांसाठी मार्गदर्शन

'नो युअर फिश' या उपक्रमाने पश्चिम किनाऱ्यासाठी महिनावार मत्स्यदिनदर्शिका तयार केली असून, कोणत्या महिन्यात कोणती मासळी खावी व कोणती टाळावी याचे मार्गदर्शन तीत मिळते. दिव्या कर्नाड यांनी सुरू केलेला 'इनसीझन फिश' हा उपक्रम हंगामी मासळीचा पुरस्कार करतो. जागतिक पातळीवर १९९७ मध्ये स्थापन झालेली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल प्रमाणपत्र देते. भारतात ते प्रथम २०१४ मध्ये केरळमधील अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांच्या मासेमारीस मिळाले.

आव्हाने

नियमांचा भार आणि लाभ सर्वांवर सारखा पडत नाही. बंदीकाळात उत्पन्न थांबते, तर बंदी मोडणाऱ्या मोठ्या नौकांमुळे नियम पाळणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराचे दुहेरी नुकसान होते. विस्तीर्ण समुद्रात गस्त घालणे कठीण असते. लहान पापलेटला बाजारात गिऱ्हाईक असेपर्यंत केवळ दंडाने त्याची पकड थांबत नाही. त्यामुळे किमान आकारमानाचा नियम बंदराइतकाच बाजारातही पाळला जाणे आवश्यक ठरते.

हा प्रश्न किनाऱ्यापुरता मर्यादित नाही. सोलापूर जिल्ह्यातील भीमा नदीवरील उजनी जलाशयातही बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासळी पकडली जाण्याची समस्या आहे.

हेही पाहा

* कांदळवन
* मालवण सागरी अभयारण्य
* वेळास
* उजनी धरण