डॅरिल डिमाँटे आणि घटनेपूर्वींची बातमी

वर्तमानपत्राचें काम घडलेली गोष्ट सांगणें हें होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पूर येतो, आग लागते, कारखान्यांत स्फोट होतो. वार्ताहर धांवत जातो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपणांस मृतांची संख्या कळते. या कामाची योग्यता कमी नाहीं. परंतु ज्या अनर्थाचीं बीजें दहा-वीस वर्षांपूर्वीं एकाद्या कचेरींतील नकाशावर पेरलीं गेलीं, त्याची खरी बातमी कोणत्या दिवशींची मानावयाची? स्फोटाच्या दिवशींची, कीं नकाशावर सही झाली त्या दिवशींची? मुंबईचे पत्रकार डॅरिल डिमाँटे (1944–2019) यांची कारकीर्द म्हणजे या प्रश्नास दिलेलें एक दीर्घ उत्तर आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील वाचकांनीं तें विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे.

डिमाँटे लिहूं लागले तेव्हां पर्यावरण हा वृत्तपत्राचा स्वतंत्र विषय झालेला नव्हता. 1972 सालीं स्टॉकहोम येथें संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, 1974 सालीं आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा झाला. तरी नदी, हवा, अरण्य हे विषय फुरसतीच्या वाचनाचे समजले जात. डिमाँटे हे पुढें ‘इंडियन एक्सप्रेस’ व ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या दैनिकांच्या मुंबई आवृत्त्यांचे निवासी संपादक झाले. राजकारण आणि अर्थकारण यांचें दळण जेथें रोज दळलें जातें, त्या खुर्चीवरून त्यांनीं पर्यावरणाकडे पाहिलें, हें त्यांचें वैशिष्ट्य. निसर्गाचें रम्य वर्णन करणारे लेखक पूर्वींहि होते. कारखान्याची जागा कोण ठरवितो, कोणत्या अहवालावरून ठरवितो आणि त्याचा भार कोणाच्या माथीं पडतो, हें विचारणारे थोडे होते.

दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ या संस्थेनें 1985 सालीं त्यांचें ‘टेंपल्स ऑर टूम्स?’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मंदिरें कीं थडगीं, असा या नांवाचा अर्थ. धरणांस नव्या भारताचीं मंदिरें मानणारा पंडित नेहरूंचा विचार त्यामागें उभा आहे. त्यांत तीन वादांचा इतिहास आहे: केरळांतील सायलेंट व्हॅलीचा वीजप्रकल्प, मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना, आणि आपल्या अलिबागेजवळील थळ-वायशेतचा खतकारखाना. पैकीं सायलेंट व्हॅलीचें धरण 1983 सालीं रद्द झालें व पुढच्याच वर्षीं तें अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरलें. मथुरेचा कारखाना मात्र 1982 सालीं आणि थळचा 1985 सालीं सुरू झाला.

थळचें प्रकरण आपणांस सर्वांत जवळचें. मुंबईच्या समुद्रांत सांपडलेला वायु किनाऱ्यावर आणून त्याचें खत करावयाचें होतें. शेतकऱ्यास खत हवें होतें, कोंकणच्या तरुणांस नोकरी हवी होती. या गरजा खोट्या नव्हत्या. परंतु गरज मान्य केली म्हणजे जागेचा प्रश्न मिटतो असें नाहीं. आधींच दाटलेल्या मुंबईच्या परिसरांत, मासेमारी व वाड्या-बागांवर जगणाऱ्या किनाऱ्यावरच हा भार कां, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तीनपैकीं दोन कारखाने अखेर उभे राहिलेच, मग या लेखणीनें साधलें काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें एक उत्तर भोपाळनें दिलें आहे. तेथील पत्रकार राजकुमार केसवानी यांनीं 1982 सालींच ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकांतून युनियन कार्बाइडच्या धोक्याची सूचना दिली होती. ती कोणी मनावर घेतली नाहीं, आणि 1984 च्या डिसेंबरांत विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं. न ऐकिलेली सूचना ही सूचना देणाऱ्याची हार नव्हे. पुढें 1986 सालीं पर्यावरण-संरक्षणाचा कायदा झाला, 1994 सालीं मोठ्या प्रकल्पांस पर्यावरणीय परिणामांची तपासणी आवश्यक ठरली, 1997 सालीं जनसुनावणी आली. जे प्रश्न पूर्वीं थोड्याशा पत्रकारांस व कार्यकर्त्यांस हट्टानें विचारावे लागत, ते विचारण्याचा अधिकार आतां नागरिकांस मिळाला.

2002 सालच्या ‘रिपिंग द फॅब्रिक’ या ग्रंथांत डिमाँटे मुंबईच्या गिरण्यांकडे वळले. 1991 च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीचा एक-एक तृतीयांश मोकळ्या जागेस व सार्वजनिक घरांस मिळावयाचा होता. 2001 सालीं ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. नियमांतील एवढ्याशा बदलानें शहराचे केवढे श्वास कोंडले! गिरणगांवांत घर न परवडलेलीं पुष्कळ कुटुंबें मध्य रेल्वेच्या मार्गानें ठाण्याच्या पुढें सरकलीं, आणि तेथें दुसऱ्या एका नकाशाच्या छायेंत येऊन राहिलीं.

1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. पुढें डोंबिवलीसहि रसायनांचे कारखाने आले, आणि घरें व कारखाने यांतील अंतर वर्षानुवर्षें आटत गेलें. 26 मे 2016 रोजीं तेथील प्रोबेस कंपनींत स्फोट झाला. 23 मे 2024 रोजीं अमुदान कंपनींत झाला. दोन्ही वेळां माणसें गेलीं, दोन्ही वेळां वार्ता सविस्तर आली. पण त्या दोन दिवसांच्या मधल्या आठ वर्षांत किती वाचकांनीं त्या नकाशाची चौकशी केली?

ठाण्यास वृत्तपत्र नवें नाहीं. ‘अरुणोदय’ तेथून 1866 सालींच निघूं लागला. उणीव आहे ती बातमीची तिथि ओळखण्याची. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविणारी जाहिरात आंतल्या पानावर बारीक टाइपांत येते आणि आपण पान उलटतों. डिमाँटे यांच्या कारकीर्दीपासून घ्यावयाचा धडा हाच कीं, पुढच्या स्फोटाची पहिली बातमी तीच असते, आणि ती वाचून उत्तर देण्याची मुदतहि तेथेंच छापलेली असते.